मागं कुणी राहू नका

१

दोन लेकरं, तीन पिशव्या आणि पाण्याचा कॅन घेऊन पॅसेंजरनं जायचं म्हणजे बाईला चार हात पाहिजेत. जीभ एकच असली तरी चालते, पण ती तिखट पाहिजे. वच्छलाची होती. खिडकीची जागा अडवून बसलेल्या एका तरण्या पोराला तिनं जेऊर स्टेशनातच उठवलं होतं, आणि वर त्याच्याकडूनच पिशव्या फळीवर चढवून घेतल्या होत्या.

लेकरं तिची नव्हती, भावाची होती. उदयसिंह तिचा धाकटा भाऊ, सोलापुरात एका पतसंस्थेत कारकून. त्याची बायको रेश्मा बालवाडीत शिकवायची. वच्छला नवऱ्याचं घर सोडून भावाकडं आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. नवरा सुटला, कपाळावरचं कुंकू, केमच्या बाजारातलं, काही सुटलं नाही. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत ती कडक भाकरी करून विकायची आणि भावाची पोरं सांभाळायची. चेतना यंदा पहिलीत जाणार होती, अथर्व दोन वर्षांचा. न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं, सगळं वच्छलाकडं. रेश्मा लोकांना सांगायची, जन्म मी दिला, बाकीचं सगळं वन्संनी. हे ती कौतुकानं सांगते का टोमणा मारते, ते वच्छलानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

जेऊरला बाप जोतीराम अजून शेत धरून होता. तिथल्या जत्रेला, बालवाडीतल्या नव्या प्रवेशांमुळं, रेश्माला सुट्टी मिळाली नाही, म्हणून वच्छला एकटीच लेकरं घेऊन गेली होती. आता परत निघाली होती. चेतनाच्या अंगात जत्रेतला पिवळा फ्रॉक होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता. इंजिन पुढंच का असतं? बाभळीला काटे कोण लावतं? आत्या, तुला मिशी का आहे थोडी थोडी? समोरची बाई पदर तोंडाला लावून हसली. वच्छलानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पदर तसाच ठेवला, हसणं तेवढं आत घेतलं.

केमला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. पुढची लाईन मोकळी नव्हती म्हणे. उन्हाळ्याची दुपार, डबा तव्यासारखा तापलेला. एकेक करून माणसं खाली उतरली. वच्छलापण उतरली. प्लॅटफॉर्म संपतो तिथून थोडं पुढं, कुंपणाच्या अलीकडं, एक जुना लिंब होता आणि त्याची सावली घट्ट होती. तिथं तिनं चादर अंथरली. शेजारी सोलापूरच्या तेलुगू विणकरांतली एक पद्मशाली बाई येऊन टेकली. सावित्रम्मा तिचं नाव, लेकीकडून परत चालली होती. वच्छलानं तिला भाकरी-चटणी दिली. तिनं खाल्ली, भाकरी कुठं मिळते ते विचारून घेतलं, आणि मग तिला दुसऱ्या डब्यात ओळखीचं कोणी दिसलं तशी उठून गेली.

लेकरं निजली. चेतनासुद्धा. बोलता बोलता मधेच, वाक्य अर्धं टाकून.

२

वाटेत कुठं लेकरू निजलं, तर तिथून उठवताना नाव घेऊन हाक मारायची, ही वच्छलाच्या आईची रीत. "चल वच्छे, घरला चल." मग "चल उदय, घरला चल." एकेकाचं नाव, एकेकाला हाक. लेकरानं ओ दिली की मगच पाऊल उचलायचं. रानात, बांधावर, पाहुण्याच्या ओट्यावर, एसटी स्टँडवर, कुठंही. गठ्ठ्यानं हाक मारायची नाही. न मारली तर काय होतं, असं वच्छलानं लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली, काय व्हायचंय? मारायची म्हणजे मारायची.

वच्छलाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. सासरी एका जावेच्या अंगात यायचं, तिच्या डोक्यावर हिनं घागर उपडी केली होती, आणि अंगातलं पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. पण गॅसचं बटण बंद केलं का ते जाता जाता बघावं, तशी ती हाक मारायची. सवय. आजवर कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी इंजिननं भोंगा दिला आणि प्लॅटफॉर्मवर एकच पळापळ झाली. वच्छलानं अथर्वला कडेवर घेतलं, चादर ओढून पिशवीत कोंबली, कॅन काखेत धरला. चेतना चादरीवरून घरंगळून बुंध्याच्या पलीकडं गेली होती. गाडी हलेल, या धास्तीनं वच्छला ओरडली, "चला रं, सगळी चला. उठा. मागं कुणी राहू नका."

आणि मागं हात केला. हातात हात आला. तो धरून ती पळत सुटली.

डब्यात चढून जागेवर बसल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चेतनाकडं बघितलं. पोरगी मांडीवर हात ठेवून गप बसली होती. एवढं पळून तिला धाप लागली नव्हती. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. अर्धी झोप मोडली की ही पोरगी कुर्डुवाडीपर्यंत भोकाड पसरते, हे वच्छलाला पाठ होतं. कुर्डुवाडी गेली. माढा गेलं. मोहोळ आलं. चेतनानं एकही प्रश्न विचारला नाही.

दमली असेल, वच्छला मनाशी म्हणाली. जत्रेत लई हुंदडली.

अथर्व मात्र तिच्या खांद्यावरून मागं, गाडी आली त्या दिशेला बघत होता, आणि काही केल्या मान वळवत नव्हता.

३

पहिल्या काही दिवसांत रेश्मा खूश झाली. चेतना उठून आपलं अंथरूण घडी करायला लागली. दिलेलं खायला लागली. कारलं दिलं तर कारलं. सुपात तांदूळ घेऊन अंगणात बसायची आणि खडे वेचायची, पाय कसे पसरायचे, सूप कसं झटकायचं, सगळं येत असल्यासारखं. बोलायला लागली तर "व्हय", "न्हाय", "हितं", "तितं". उदयसिंह हसला. म्हणाला, ताई, पोरगी आठ दिवसांत पार गावंढी करून आणलीस की. रेश्मा म्हणाली, असू द्या, भाषा शाळेत सुधारेल. एवढं वळण मला पाच वर्षांत लावता आलं नाही.

वच्छलाला कुणी चांगलं म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. त्यात पोरीला खडे वेचायला शिकवलंच नव्हतं तिनं. जेऊरला बापाच्या घरात सूप हाती घेणारी बाई आता उरलीच नव्हती. मग पोरगी शिकली कुठं?

शेजारपाजारी बघून शिकली असेल. पोरं माकडासारखी असतात. असं म्हणून तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

अंगणात सकाळी सावली नळाकडच्या भिंतीला असते. ऊन चढेल तशी ती सरकत सरकत जिन्याखाली येते आणि दुपारनंतर समोरच्या भिंतीला जाते. वच्छला चुलीपुढून उठून मधूनमधून बाहेर बघायची. चेतना सावलीत बसलेली असायची. सावली सरकली की तीपण सरकायची. उठायची नाही. बसल्या बसल्या, वीतभर, हातभर. उन्हाला पाय लागू द्यायची नाही. आणि स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला की हातातलं सूप खाली ठेवून उभी राहायची. भोंगा थांबला की परत बसायची.

"काय गं, काय ऐकतीस?" वच्छलानं एकदा विचारलं.

"काय न्हाय. कुणी हाका मारल्या का बघतीय."

"कुणाला?"

पोरीनं सूप उचललं. तिला कामाचं काही सांगितलं तर ती करायची. असलं विचारलं तर डोळे खाली घालायची, जसं लहानपणी कामाला ठेवलेली पोर मालकिणीसमोर घालते.

४

वच्छला मूर्ख नव्हती. तिनं पोरीला न्हाऊ घालताना नीट बघितलं. डाव्या कानामागचा तीळ होता. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा वण होता. पुढचा दात अर्धा होता तो अर्धाच होता. चेतनाच होती ती, अगदी नखाशिखांत. पाणी जरा कढत पडलं. एरवी किंचाळून मोरी डोक्यावर घेणारी पोरगी डोळे मिटून बसून राहिली.

केसांना शिकेकाई लावली, धुतले, पुसले. मग वच्छलानं रोजच्यासारखं तिच्या टाळूला नाक लावलं. लेकराच्या डोक्याला वास असतो. घामाचा, तेलाचा, थोडा आंबूस. तो ज्याचा त्याचा असतो, आणि ज्यानं ते डोकं पाच वर्षं धुतलं त्याला तो अंधारातही ओळखू येतो. तो वास नव्हता. वाळलेल्या लिंबाच्या पाल्याचा वास होता, धान्याच्या कणगीत टाकतात तसल्या.

लिंबाखाली निजली होती, तिनं मनाला समजावलं.

पण मध्ये कितीदा तरी न्हाणं झालं होतं. त्या दिवसापासून वच्छलानं तिच्या टाळूला नाक लावायचं बंद केलं.

अथर्वचं तर वेगळंच होतं. तो नुकता बोलायला लागलेला. ताईला "चेता" म्हणायचा, आणि दिवसातून शंभरदा म्हणायचा. परत आल्यापासून त्यानं या पोरीला एकदाही चेता म्हटलं नाही. तिनं त्याला कडेवर घेतलं तर रडायचा नाही, पण लाकडासारखा ताठ व्हायचा, आणि खाली ठेवलं की तडक उंबऱ्याशी जायचा. दाराची चौकट धरून रस्त्याकडं तोंड करायचा आणि हाक मारायचा. "चेता. चेता." ती पोरगी त्याच्या मागंच, हातभर अंतरावर, सूप घेऊन बसलेली.

वच्छलानं एकदा त्याला जवळ घेतलं. पोरीकडं बोट दाखवून विचारलं, "अथर्व, ही कोण रं?"

त्यानं तोंड तिच्या छातीत खुपसलं. त्याचं काळीज केवढं उडत होतं ते वच्छलाला आपल्या हाडांत जाणवलं.

५

सावित्रम्मा भाकरी न्यायला आली, पत्ता विचारत विचारत. वच्छलानं तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. तिनं घरच्या सुनेबद्दल चार वाईट गोष्टी सांगितल्या, वच्छलानं आपल्या भावजयीबद्दल दोन सांगितल्या, असं चाललं होतं. मग सावित्रम्मा म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तुमच्याबरोबर अजून एक पोरगी होती का हो? कुणाची ती?"

वच्छला म्हणाली, दोनच लेकरं होती, ही एक आणि आत निजलाय तो.

"न्हाई हो. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतनं बघितलं ना. तुम्ही तर कधीच चढला होता. आणि झाडापाठीमागं पोरगी तशीच निजलेली. पिवळा फ्रॉक. मी म्हटलं आता ओरडू का? पण मग वाटलं, तिथल्याच कुणाची असंल. जत्रेतनं सगळ्या पोरी तसलाच फ्रॉक घालून येतात."

तेवढ्यात तिची नजर अंगणात गेली. जिन्याखालच्या सावलीत चेतना बसली होती. सावित्रम्मा हसली. "ही बघा की तुमची, हाय इथं. उगीच मी आपली. मग ती कुणाची होती काय ठाऊक."

चेतनानं मान वर केली. तिला इतक्या लांबून ऐकू जायचं काही कारण नव्हतं.

"ती निजलीय अजून," ती म्हणाली, आणि परत खडे वेचायला लागली.

सावित्रम्माला कळलं नाही. तिला वाटलं पोरगी बाहुलीबद्दल बोलते. ती भाकरी घेऊन गेली. वच्छला तशीच बसून राहिली, तव्यावरची भाकरी कोळसा होईपर्यंत.

६

तिनं रेश्माला सांगून बघितलं. कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं. आयुष्यात तिला जे सांगायचं ते ती धाडकन सांगत आली होती, त्यामुळं हळू सांगायची तिला सवयच नव्हती. ती म्हणाली, रेश्मा, पोरगी आपली वाटत न्हाय मला.

रेश्मानं हातातलं बटाट्याचं साल खाली ठेवलं. "म्हणजे काय वन्सं?"

वच्छलानं वास सांगितला, सावली सांगितली, सावित्रम्मा सांगितली. सांगता सांगता तिलाच ते हास्यास्पद वाटायला लागलं. रेश्मा मात्र हसली नाही.

"पोरगी द्वाड होती तेव्हा तुमची होती. गुणी झाली, माझ्याशी दोन शब्द बोलायला लागली, तर आपली वाटत नाही? वन्सं, तुम्ही हे असलं लेकरांसमोर बोलणार असाल तर मी दोघांना माझ्या आईकडं ठेवते. शाळा उघडेपर्यंत. मग बघू."

उदयसिंह खाली मान घालून जेवत होता. त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

वच्छला गप बसली. गप बसायची तिची ती पहिलीच वेळ असेल. लेकरं गेली तर या घरात तिला भाकरी थापण्याशिवाय उरायचं काय? आणि रेश्मा म्हणते ते खरं असलं तर? बाई उतरत्या वयाला लागली की तिला भलतंसलतं सुचतं, हे तिनं स्वतः दुसऱ्या बायकांबद्दल किती वेळा म्हटलं होतं. सावित्रम्माची नजर तरी काय, चष्म्याची. तिनं ठरवलं, विषय संपला. पोरगी खाते, पिते, हसवलं तर हसते. आपलीच आहे.

दोन-चार दिवस तिनं तसं धरूनही ठेवलं.

मग एक दिवस भाकरी थापता थापता तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून काहीतरी ऐकू यायचं राहिलंय. तिनं हात थांबवला. पंखा चालू होता, नळाला पाणी होतं, शेजारी टीव्ही होता. तिनं बाहेर बघितलं. अथर्व उंबऱ्याशी नव्हता. तो अंगणात, सावलीत बसला होता, त्या पोरीच्या मांडीला टेकून. ती त्याला एकेक खडा हातावर देत होती आणि तो प्रत्येक खडा मोजल्यासारखा खाली ठेवत होता.

"अथर्व," वच्छला म्हणाली, "चेता कुटं गेली रं?"

त्यानं तिच्याकडं कोऱ्या डोळ्यांनी बघितलं. मग त्या पोरीकडं बघितलं. आणि हाताचं बोट उचललं, तिच्याकडं वळवायला.

वच्छलानं झेप घेऊन त्याला उचललं. लेकरं विसरतात. त्यांचं ते कामच असतं. पण हा विसरला, तर मागं राहिलेल्या चेताला हाक मारणारं जगात कुणी उरत नव्हतं.

७

जत्रेच्या देवीला नारळ द्यायचा राहिला, चेतनाच्या नावाचा आहे, तिला घेऊन जाते आणि संध्याकाळच्या आत येते, असं तिनं रेश्माला सांगितलं. देवीचं नाव घेतलं की रेश्मा आडवी येत नाही.

गाडीत पोरगी नेहमीसारखी मांडीवर हात ठेवून बसली. कुर्डुवाडी मागं पडली तशी ती वच्छलाच्या जवळ सरकली. केमला उतरल्यावर तिनं वच्छलाचं बोट धरलं. मग मनगट.

प्लॅटफॉर्मवर माणूस नव्हतं. बाकड्यावर एक जण तोंडावर टोपी घेऊन निजला होता. ऊन असं की रूळ हलताना दिसत होते. वच्छला लिंबाच्या दिशेनं चालायला लागली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पोरीनं पाय अडवले.

"आत्या, हितं नको."

"का गं?"

"हितं करमत न्हाय."

वच्छलानं तिला ओढत नेलं. झाडाखाली कोणी नव्हतं. सावली घट्ट, पाला वाळलेला, कुणीतरी टाकलेला बिस्किटाचा कागद. ती बुंध्याच्या अलीकडं उभी राहिली आणि तिला स्वतःचा राग आला. एवढं ऊन तुडवून, लबाडी करून, लेकराला फरफटत आणून बघायचं काय, तर एक झाड. आता परत जायचं आणि रेश्माच्या पायावर डोकं ठेवायचं.

पण आलोच आहोत, म्हणून तिनं हाक मारली. "चल चेतना, घरला चल."

तिच्या हातातला हात घट्ट झाला. पण ओ आली नाही.

बुंध्याच्या पलीकडं पाला वाजला. थोडासाच, निजलेल्यानं कूस बदलावी तसा. वच्छलानं मान पुढं केली. बुंध्याच्या आडून एक पाऊल बाहेर आलेलं होतं. लहान, टाच धुळीनं माखलेली, वर पिवळ्या कापडाची कड. घोट्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, मुळावरून जावी तशी सावकाश. पाऊल हलत नव्हतं.

दोघींपैकी कोण? तिला वाटलं, आपण आत्ता चुकलो तर एक लेकरू कायमचं जाईल, आणि ते आपलं असेल. ती खाली वाकली, हातातल्या पोरीच्या तोंडासमोर तोंड आणलं. तोच तीळ. तोच अर्धा दात.

"तुझं नाव काय गं, बाळ?"

पोरीनं विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठी घालून. "तू ठिवशील ते."

वच्छलानं तिचा खांदा धरला. "चेतना न्हाय?"

"ते तिचं हाय." तिनं हनुवटीनं झाडामागं दाखवलं. मग हळूच म्हणाली, "तू सगळी चला म्हणलीस, म्हणून मी आले. मी काय चुकले का, आत्या? घरात कुणाला तरास दिला का?"

नव्हता दिला. सांगितलेलं काम केलं होतं, मिळेल ते खाल्लं होतं, कुणाला उलट बोलली नव्हती. वच्छलानं नवऱ्याला, सासूला, दिराला, घरमालकाला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तोंडावर काय काय सुनावलं होतं. एकदाही जीभ अडखळली नव्हती. आता ती टाळूला चिकटली.

कुर्डुवाडीकडं जाणारी गाडी लांबून दिसायला लागली.

"तू येऊ नको," वच्छला म्हणाली.

पोरीचे ओठ हलले. तिनं ऐकलं. ती ऐकायचीच. मनगटावरची बोटं एकेक करून सुटली. ती सावलीत खाली बसली, फ्रॉक गुडघ्यावर नीट ओढला, आणि पाल्यावर अंग टाकून हात डोक्याखाली घेतला. डोळे मात्र मिटले नाहीत.

८

वच्छला बुंध्याला वळसा घालून गेली. डोळे मिटूनच गेली, म्हटलं तरी चालेल. खाली वाकून तिनं हातांनी चाचपलं, दोन काखा सापडल्या, आणि जे सापडलं ते तिनं उचलून खांद्यावर टाकलं. वजन होतं. निजलेल्या लेकराचं असतं तसं, सगळं खाली ओढणारं. अंग तापलेलं होतं. मुंग्या तिच्या ब्लाउजात शिरल्या, मानेला डसल्या. तिनं हात लावला नाही. मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर ती तिलाही घेऊन आली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गाडीत तिला जागा मिळाली. न भांडता. तिचं तोंड बघून समोरच्या माणसानं आपण होऊन दिली.

खांद्यावर मान पडलेली होती. नाक अगदी जवळ होतं, टाळूला टेकवायचाच अवकाश. तिची हिंमत झाली नाही. कानामागं तीळ बघायचीही झाली नाही. तीळ दोघींनाही होता.

गाडी हलली. वच्छलानं त्या कानाशी तोंड नेलं.

"चल चेतना, घरला चल."

शेजारच्या बाईनं विचारलं, पोरगी आजारी आहे का, बिस्लेरी देऊ का. वच्छलानं मान हलवली. परत म्हणाली, जरा मोठ्यानं, "चल चेतना, घरला चल." डब्यातली माणसं बघायला लागली. बघू दे. कुर्डुवाडी आली, माणसं चढली, उतरली, चहावाला ओरडत गेला. ती थांबली नाही. नाव घ्यायचं, एकाच लेकराचं, आणि ओ येईस्तोवर घ्यायचं. आईनं तेवढंच शिकवलं होतं, पुढचं नव्हतं शिकवलं.

माढा गेलं. मोहोळची घरं दिसायला लागली. तिचा घसा बसला होता, आवाज फाटला होता, शब्द नुसते वाऱ्यासारखे निघत होते.

"चल चेतना."

मानेवर श्वास लागत होता. नेमानं, गरम. तेवढा होता.

ओ अजून आली नव्हती.